पीडीएफमधील मजकुराच्या संपादनाची पार्श्वभूमी

पीडीएफ दस्तऐवजातला एखादा शब्द बदलताना जी अडचण येते, तिचे मूळ हा फॉरमॅट ज्या हेतूने घडवला गेला त्या हेतूत आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली ॲडोबी कंपनी स्थापन केली आणि छापायच्या पानाचे वर्णन करणारी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा तयार केली. १९८५ मध्ये ॲपलच्या लेझररायटर प्रिंटरमुळे ती सर्वत्र पोहोचली. पुढे १९९१ च्या सुमारास वॉर्नॉक यांनी ‘कॅमेलॉट’ नावाच्या टिपणात अशी कल्पना मांडली, की कोणत्याही प्रोग्रॅममध्ये तयार झालेला दस्तऐवज कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा दिसावा आणि छापला जावा. तिच्यातूनच १९९३ मध्ये पीडीएफ आणि ते बनवण्या-वाचण्याचे ॲडोबीचे सॉफ्टवेअर ॲक्रोबॅट बाहेर आले. दस्तऐवज दुसऱ्याने बदलावा ही गरज या टिपणाच्या केंद्रस्थानी नव्हती, आणि ती नव्हती म्हणूनच पान सगळीकडे सारखे दिसण्याचे वचन हा फॉरमॅट पाळू शकला, असे मला वाटते.

या निवडीचे परिणाम फाइलच्या पोटात पाहावे लागतात. वर्ड प्रोसेसरच्या फाइलमध्ये परिच्छेद असतो आणि ओळी कुठे मोडायच्या हे तो प्रोग्रॅम दर वेळी नव्याने ठरवतो. पीडीएफमध्ये मात्र पानावरच्या अमुक बिंदूपासून, अमुक फाँटमधील अमुक आकारांची अक्षरे उमटवावीत, एवढीच आज्ञा असते. परिच्छेद, रकाना किंवा तक्ता ही नाती तिथे नोंदवलेलीच असतील असे नाही; कित्येकदा दोन शब्दांमधली मोकळी जागाही अक्षर म्हणून नसते, पुढचा शब्द थोडा सरकवून ठेवलेला असतो. त्यातच फाइलचा आकार लहान राहावा म्हणून फाँटमधली फक्त वापरलेली अक्षरचिन्हे आत ठेवली जातात. त्यामुळे दस्तऐवजात पूर्वी कुठेच न आलेले अक्षर टाइप केले, तर ते दाखवायला फाँटमध्ये चिन्हच नसते आणि प्रोग्रॅमला दुसरा फाँट आणावा लागतो. देवनागरीत ही अडचण आणखी वाढते, कारण जोडाक्षरांची चिन्हे स्वतंत्र असतात, ऱ्हस्व इकाराची वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असली तरी पानावर त्याच्या आधी उमटते, आणि चिन्हांवरून मूळ युनिकोड अक्षरांकडे (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या ठरावीक क्रमांकांकडे) नेणारी सारणी फाइलमध्ये नसेल किंवा चुकीची असेल तर शोध, नक्कल आणि संपादन तिन्ही कोलमडतात.

म्हणून संपादनाची सुरुवातीची साधने माफक होती. ॲक्रोबॅटमधील ‘टचअप टेक्स्ट’ हे साधन मुख्यतः एकेका ओळीपुरते काम करी; छपाईआधी राहिलेली मुद्रणदोषाची दुरुस्ती हा त्याचा खरा उपयोग होता. २०१२ च्या ॲक्रोबॅट ११ मध्ये परिच्छेदाचा मजकूर चौकटीत पुन्हा वाहू लागला, म्हणजे शब्द बदलला की ओळी आपोआप नव्याने मोडू लागल्या, पण तो परिच्छेदही जवळजवळच्या ओळींवरून अंदाजानेच ओळखलेला असतो.

दुसरा मार्ग रूपांतराचा. २००८ मध्ये ओपनऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत पीडीएफ आयात करणारे एक्सटेन्शन आले, ज्यात पान चित्राप्रमाणे ‘ड्रॉ’ या त्याच्या चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडते. मायक्रोसॉफ्ट वर्ड २०१३ ने पीडीएफपासून पुन्हा वाहता दस्तऐवज बनवण्याची सोय दिली. साध्या पत्रासाठी ती उत्तम चालते, तर तळटीपा आणि तक्ते असलेल्या पानांवर डोळ्यांत तेल घालून पडताळणी करावी लागते.

जुना मजकूर पांढऱ्या चौकटीने झाकून वर नवा लिहिण्याची पद्धत सर्वांत सोपी म्हणून रूढ झाली, आणि तीच सर्वांत धोक्याची आहे, कारण झाकलेला मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो आणि निवडून दुसरीकडे चिकटवता येतो. मजकूर खरोखर काढून टाकणारे स्वतंत्र साधन ॲक्रोबॅटच्या व्यावसायिक आवृत्तीत २००६ मध्ये आले. याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही: पीडीएफमध्ये बदल फाइलच्या शेवटी जोडून जतन करण्याची मुभा आहे. डिजिटल स्वाक्षरीनंतर काय बदलले हे त्यामुळे ताडता येते. पण तशाच जतन केलेल्या फाइलमधून आधीचा मजकूरही परत मिळवता येतो.

स्कॅन केलेल्या पानांत तर मजकूरच नसतो. अक्षर ओळखणारे सॉफ्टवेअर चित्रावर अदृश्य मजकुराचा थर बसवते. त्याने शोध घेता येतो, मात्र तो थर बदलला तरी दिसणारे चित्र बदलत नाही.

हरवलेली रचना फाइलमध्ये परत आणण्याचे प्रयत्नही झाले. २००१ च्या पीडीएफ १.४ मध्ये शीर्षक, परिच्छेद, तक्ता अशा खुणा नोंदवणारी टॅग-पद्धत आली आणि २००८ मध्ये पीडीएफ १.७ हे आयएसओ ३२००० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाले, तरी टॅग ऐच्छिकच राहिले. संपादनाच्या दृष्टीने मला अधिक प्रामाणिक वाटतो तो लिबरऑफिस या ओपनऑफिसमधूनच निघालेल्या सॉफ्टवेअरमधील संमिश्र पीडीएफचा पर्याय. त्यात मूळ ओडीएफ दस्तऐवज (लिबरऑफिसच्या स्वतःच्या, संपादन करता येणाऱ्या फॉरमॅटमधला) पीडीएफच्या आतच ठेवला जातो: इतरांना नेहमीचे पान दिसते आणि लिबरऑफिसमध्ये उघडणाऱ्याला परिच्छेदांसह मूळ मजकूर मिळतो. अर्थात, फाइल तयार करणाऱ्याने निर्यात करतानाच तो पर्याय निवडलेला असावा लागतो.