पाठीवरच्या टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो

बेळगाव-खानापुरातून मालवणच्या सहली निघाल्या की हा फॉरवर्ड फिरतोच: ‘समुद्राखाली उतरणारे स्कूबावाले पाठीवर ऑक्सिजनची टाकी बांधतात.’ दवाखान्यातला सिलिंडर डोळ्यांपुढे असतो, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण या टाकीत सहसा दाबून भरलेली साधी हवाच असते: ऑक्सिजन २१ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन.

कारण दाब. पाण्यात दर १० मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो. मासे-प्रवाळांसाठी मुद्दाम बुडवलेलं जहाज ३० मीटरवर असेल, तर तिथे दाब चौपट. शुद्ध ऑक्सिजन मात्र दाब वाढला की विषारी ठरतो; ६ मीटरच्या खाली गेलं तरी धोक्याचा. झटके येऊ शकतात.

खात्री करायचीय? टाकी भरताना बघा. कॉम्प्रेसरची नळी बाहेरचीच हवा ओढते, पंक्चरवाल्याकडे असतो तसाच प्रकार. फक्त इथे हवा गाळून, कोरडी करून २०० बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण एक वातावरणाचा दाब) भरतात.