पीटमधले शैवाल आणि क्रमांकांचा वाद

१९१६ साली पीटमधल्या, म्हणजे दलदलीत साचत गेलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांतल्या परागकणांची टक्केवारी आलेखात मांडली गेली आणि पुढची पन्नासेक वर्षे या थरांतून मुख्यतः जंगलांचाच इतिहास वाचला गेला. सूक्ष्मदर्शकाच्या त्याच स्लाइडवर शैवालांचे अवशेषही होते: पेडिअ‍ॅस्ट्रमच्या दातेरी चकत्या, बोट्रिओकॉकसचे पिवळसर पुंजके. पण ते बहुतेकदा मोजलेच जात नसत. डायटम या एकपेशीय शैवालांचे तर अवशेषही उरत नसत. वाळूचे कण काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरले की त्यांचे सिलिकाचे कवचही विरघळते.

१९७० च्या दशकात नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या पीटवर काम करताना एक निर्णय झाला. ओळख न पटलेला प्रत्येक अवशेष रेखाटायचा, त्याचा फोटो घ्यायचा आणि त्याला नावाऐवजी क्रमांक द्यायचा. हे वर्गीकरण नव्हे, नुसती नोंदवही आहे, असा आक्षेप आजही घेतला जातो. पुढे इतर प्रयोगशाळांनी आपापल्या मालिका सुरू केल्या, तेव्हा गोंधळ टाळायला क्रमांकाआधी प्रयोगशाळेची आद्याक्षरे लावावी लागली. तरीही तो निर्णय योग्यच होता. नाव कळेपर्यंत थांबले असते, तर मोजणीच झाली नसती.

प्रकार १४६ पाहा. तो निघाला ग्लिओट्रिकिया, म्हणजे ज्याला आपण सवयीने नील-हरित शैवाल म्हणतो तो जीवाणू. तो हवेतला नायट्रोजन स्थिर करतो. हिमयुग सरताना तयार झालेल्या तळ्यांच्या गाळात तो सापडतो, तेव्हा त्या पाण्यात नायट्रोजनची चणचण होती हे कळते. नावांचे म्हणाल, तर पेडिअ‍ॅस्ट्रम या प्रजातीचीच (जीनसचीच) २००५ च्या सुमारास फोड होऊन तिच्या अनेक प्रजाती झाल्या. क्रमांक मात्र होते तिथेच राहिले.

स्पायरोगायरा या तंतुमय हिरव्या शैवालाचा युग्मबीजाणू, म्हणजे दोन पेशींच्या मीलनातून बनणारा जाड कवचाचा बीजाणू, लांबट असतो. मधल्या खाचेवर तो उकलतो, म्हणून स्लाइडवर अनेकदा त्याची अर्धी शिंपलीच दिसते. अशी शिंपली सापडली, की तिथे उथळ, साचलेले आणि वसंतात लवकर तापणारे पाणी होते असे मानतात. परागकण वाऱ्याबरोबर लांबून येतात. पण उंचवट्याच्या दलदलीला, म्हणजे पीट साचून भोवतालापेक्षा उंच झालेल्या दलदलीला, पाणी मिळते ते फक्त पावसाचे. ओढा नाही, पूर नाही. त्यामुळे तिथल्या थरातले शैवाल बहुधा त्याच डबक्यात वाढलेले असते.