रात्री दूरची रेडिओ केंद्रं का लागतात?

‘रात्री हवा थंड असते, म्हणून दूरची रेडिओ केंद्रं लागतात,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. अनुभव अगदी खरा आहे, कारण मात्र वेगळं. रोमानियातल्या तिमिशोआराचं ६३० किलोहर्ट्झवरचं मध्यम लहरींचं प्रसारण घ्या. दिवसा सूर्यकिरणांमुळे साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर विद्युतभारित थर तयार होतो आणि आकाशाकडे गेलेल्या लहरी शोषून घेतो. जमिनीलगत पसरणाऱ्या तेवढ्या उरतात. सूर्यास्तानंतर हा थर विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटरांवर उतरतात. किती सुंदर व्यवस्था आहे ही!

पडताळा घरच्या मध्यम लहरींच्या रेडिओवरही घेता येतो. उन्हाळ्यातल्या उकाड्याच्या रात्री परगावची केंद्रं लागतात, पावसाळ्यातल्या गार दुपारी ती मिळत नाहीत.