अग्रशाळेतलं स्काउट शिबिर: मागची गोष्ट

गोव्यात आमचं स्काउट शिबिर देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे दर्शनाला येणाऱ्यांच्या मुक्कामाच्या इमारतीत, भरतं, आणि दर मे महिन्यात एक प्रश्न हमखास येतो. मुलाचं नाव नोंदवायला आलेली आई फॉर्म भरता भरता विचारते, "सर, पाच दिवस राहणं, जेवण, आणि एवढीच फी?" उत्तर एका वाक्यात देता येतं: शिबिरात राबणारं कुणीही त्याचे पैसे घेत नाही. पण हे असं का आणि कधीपासून, ते सांगायचं तर शंभराहून जास्त वर्षं मागे जावं लागतं. मी स्वतः आधी चार वर्षं शिबिरार्थी होतो आणि त्यानंतरची तेवीस वर्षं शिबिराच्या चुलीपाशी, तंबूंत आणि हिशेबाच्या वहीत गेली. म्हणून ही पार्श्वभूमी एकदा नीट मांडतो.

सुरुवात 1907 च्या ऑगस्टमधली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पूल बंदराच्या खाडीत ब्राउन्सी नावाचं छोटं बेट आहे. लष्करी अधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल तिथे वीसेक मुलं घेऊन आठवडाभर राहिले. त्याआधी 1899-1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगच्या 217 दिवसांच्या वेढ्यात त्यांनी पोरांना सायकलवरून निरोप पोचवताना पाहिलं होतं. मुलांवर खरं काम सोपवलं की मुलं ते निभावतात, हे तिथे त्यांच्या मनात पक्कं बसलं. ब्राउन्सीला त्यांनी मुलांच्या चार टोळ्या केल्या, लांडगे, कावळे, बैल आणि कर्लू पक्षी, आणि प्रत्येक टोळीला तिच्यातलाच एक मुलगा नायक म्हणून दिला. सकाळी कुडू हरणाचं शिंग फुंकून मुलांना उठवत.

या शिबिराची मला सगळ्यात भिडणारी गोष्ट फीची आहे. काही मुलं ईटन, हॅरोसारख्या बड्या शाळांतली होती, तर काही पूल आणि बोर्नमथच्या कामकरी घरांतली. बड्या शाळांतल्या मुलांना एक पौंड फी, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. तंबूत मात्र सगळे शेजारी शेजारी. शिबिर संपल्यावर हिशेब केला तेव्हा चोवीस पौंडांहून थोडी जास्त तूट निघाली. ज्यांची दोन मुलं शिबिरात होती त्या सॅक्सन नोबल यांनी ती भरून काढली. मदतीला बेडन-पॉवेल यांचे जुने मित्र मेजर केनेथ मॅक्लारेन आले होते. म्हणजे पहिल्याच शिबिरात सगळं आलं: ऐपतीप्रमाणे फी, ओळखीतले मदतनीस, शेवटी तूट, आणि ती भरणारा एखादा पालक. आमच्या वहीचं शेवटचं पान यापेक्षा फारसं वेगळं नसतं.

पुढच्याच वर्षी बेडन-पॉवेल यांचं पुस्तक पंधरवड्याच्या हप्त्यांनी निघालं आणि पोरांनी मोठ्यांची वाट न बघता आपापल्या टोळ्या उभ्या केल्या. आता प्रश्न आला तो त्यांना शिकवणार कोण याचा. त्यासाठी 1919 मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कला मोठ्यांचं पहिलं प्रशिक्षण शिबिर भरलं. ते पूर्ण करणाऱ्याला कातडी दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी मिळत. मूळचे मणी बेडन-पॉवेल यांनी आफ्रिकेतून आणलेल्या, झुलू राजा डिनिझुलूच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माळेतले. आपल्याकडे त्याच प्रशिक्षणाला हिमालय वुड बॅज म्हणतात आणि त्याचं मोठं केंद्र सातपुड्यात पचमढीला आहे. शिबिरात एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात ते दोन मणी दिसले तर समजावं, या माणसाने स्वतःच्या सुट्टीतले कितीतरी दिवस दिले आहेत.

भारतात स्काउटिंग 1909 मध्ये बंगळुरूला आलं, पण इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं. भारतीय मुलांना त्यात प्रवेश नव्हता. मग आपल्या लोकांनी आपल्या संघटना काढल्या. श्रीराम वाजपेयी, मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादला सेवा समितीचे स्काउट उभे केले, मद्रासला ॲनी बेझंट यांनी. सेवा समितीचे स्वयंसेवक मेळ्यांत यात्रेकरूंच्या मदतीला उभे राहत. हरवलेली पोरं, चेंगराचेंगरी, पाणी, औषध, हीच त्यांची शाळा. पुढे 1938 च्या सुमारास, बेडन-पॉवेल यांनी भारतीयांबद्दल काढलेले उद्गार लोकांना लागले आणि बरेच जण त्यांच्या संघटनेतून (तोवर तिच्यात भारतीयही आले होते) बाहेर पडून हिंदुस्तान स्काउट असोसिएशनमध्ये गेले. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना हे तुकडे जोडण्याचे प्रयत्न झाले. त्यात कुंझरूंबरोबर नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचंही मोठं काम आहे. 7 नोव्हेंबर 1950 ला भारत स्काउट्स अँड गाईड्स ही एकच संघटना झाली. पुढच्या वर्षी मुलींच्या गाईड्सही तीत आल्या.

या सगळ्या काळात गोवा पोर्तुगालकडे होता. 1930 च्या वसाहत कायद्यानंतर इथे सभा, संघटना, छापील शब्द, सगळ्यावर पहारा बसला. लग्नपत्रिकाही सेन्सॉरकडून तपासून घ्यावी लागे असं जुनी माणसं सांगतात. खुद्द पोर्तुगालात सालाझार सरकारने 1936 मध्ये मुलांना गणवेश घालून राजवटीची कवायत करायला लावणारी स्वतःची युवक संघटना काढली. तेव्हा सीमेपलीकडे सावंतवाडी, बेळगावात जे सहज होत होतं, ते आपल्या गावांत होणं सोपं नव्हतं.

पण स्वयंसेवा म्हणजे काय हे गोव्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलं नाही. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचं नावच घ्या. घरोघरी रोजच्या तांदळातली एक मूठ बाजूला काढायची आणि त्यावर मराठी शाळा चालवायची, ही त्या नावामागची कल्पना. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकातली ही गोष्ट. देवळांच्या सभामंडपात, कुणाच्या पडवीत मराठी वर्ग भरत, मास्तरांचं जेवण घराघरांत वाटून घेतलेलं असे. जत्रेत पंगतीला वाढणं, पालखीला खांदा देणं, देवळाची तळी उपसणं, ही कामं कुणी मजुरी देऊन करवत नव्हतं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, आणि पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. त्या शाळांतून स्काउट-गाईड आलं तेव्हा या सवयी आधीच रुजलेल्या होत्या. कोकणातून, कोल्हापूर भागातून नोकरीसाठी आलेले शिक्षक इथे राहिले. मला स्काउटचा स्कार्फ पहिल्यांदा बांधून देणारे गुरुजी त्यांच्यातलेच. सुट्टीत गावी जायचं सोडून ते शिबिराला थांबायचे.

आमची शिबिरं अग्रशाळेत का भरतात, यालाही इतिहास आहे. सोळाव्या शतकात मूर्तिभंजनाच्या धास्तीने साष्टी-तिसवाडीतले देव नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात हलवले गेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देव एकीकडे आणि कुळावी, म्हणजे त्या देवाला कुलदैवत मानणारी घराणी, दुसरीकडे, म्हणून दर्शनाला येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी अग्रशाळा लागल्या. लांब ओसरी, ओळीने खोल्या, विहीर, मोठाल्या चुली. पन्नास मुलांच्या शिबिराला याहून काय हवं? मुलांनी तंबूतच झोपायचं असतं, पण पाठीशी पक्कं छप्पर असलं की आयांना झोप लागते.

त्या छपराची किंमत मला एका वर्षी नीट कळली. मेचा शेवटचा आठवडा, तिसरी रात्र. शेकोटी संपवून मुलं झोपली होती. बाराच्या सुमारास वारा सुटला, काजूच्या झाडांची पानं सळसळली आणि दहा मिनिटांत वळवाने तंबू आडवे केले. भोवतीचे चर आम्ही संध्याकाळी खणले होते, पण अर्धवट. दगड लागला म्हणून सोडून दिले होते, आणि ती चूक माझी होती. वीज गेलेली, बॅटऱ्या दोनच. गुरुजी ओरडले नाहीत. त्यांनी शिट्टीवर टोळीनायकांना बोलावलं आणि विचारलं, "तुझे किती?" बारा वर्षांचा पोरगा थरथरत म्हणाला, "आठ, सर. आठही आहेत." दुसरा म्हणाला, "सात. एक शी करायला गेलाय." लगेच एक रोव्हर (मोठ्या वयाचा स्काउट) त्याला आणायला धावला. पाच मिनिटांत सगळी मुलं अग्रशाळेच्या ओसरीवर होती. त्या रात्री मोजणी आम्ही मोठ्यांनी केलीच नाही, मुलांनीच मुलांची केली. टोळीपद्धत पुस्तकात वाचून समजत नाही, ती अशा वेळी समजते.

सकाळी ओले कपडे दोरीवर आणि चुलीवर पेज. गोव्यातल्या शिबिराचं जेवण शहरातल्या कॅम्पसारखं नसतं. दहा वाजता उकड्या तांदळाची पेज, सोबत मिठातली तोर (कैरी). दुपारी शीत-कढी, उसळ, आमसुलाची सोलकढी. शेवटच्या दिवशी मणगणें: चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचा रस. हा पदार्थ सतत ढवळत राहावा लागतो, नाही तर टोपाला लागतो. आमच्याकडे तो ढवळायचा मान एका बाईंचा होता. शाळेत शिपाई, शिबिरात स्वयंपाकाची सर्व सूत्रं त्यांच्याकडे. मुलं त्यांना मावशी म्हणत आणि गुरुजीही त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत. भांड्यांशिवाय स्वयंपाक करण्याची स्पर्धा असते, तेव्हा केळीच्या पानात बटाटे कसे गुंडाळावेत आणि निखारे किती जवळ ओढावेत, हे मुलांना त्यांनीच शिकवलं.

शिधाही मुठीमुठीनेच जमतो. 1980 च्या दशकातली एक वही माझ्याकडे आहे. निळ्या शाईत लिहिलंय: नारळ 40, उकडे तांदूळ, गुळाची ढेप एक, सुक्या मिरच्या, आणि पुढे कंसात "काजूचं भाट राखणाऱ्यांकडून, पैसे घेतले नाहीत" (भाट म्हणजे बाग). खरी कमाईच्या आठवड्यात मुलांनी घरोघरी कामं करून आणलेली नाणीही त्याच वहीत जमा आहेत. आमच्या तुटीचे सॅक्सन नोबल हे असे पानापानांवर विखुरलेले आहेत.

गाईड्सच्या शिबिरांबद्दल वेगळं लिहायला हवं. रात्रीच्या मुक्कामाला मुलींना पाठवायला घरं तयार नसायची, आणि गाईड कॅप्टन झालेल्या शिक्षिकांनी एकेका घरी जाऊन, अंगणात बसून, आजीला पटवून परवानग्या मिळवल्या. तो चिवटपणा कुठल्याच बॅजमध्ये मोजला जात नाही.

अलीकडच्या वर्षांत शिबिराची जागा आणि वेळ दोन्ही आकसली आहेत. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडताप आला. गोचिडीतून पसरणारा हा आजार नेमका जानेवारी ते मे या दिवसांत जोर धरतो, त्यामुळे रानात मुक्काम ठरवताना आता आधी आरोग्य केंद्रात विचारून यावं लागतं. जुन्या आवडत्या जागा आम्ही त्यासाठी सोडल्या आणि ते योग्यच केलं. दुसरा बदल वेळापत्रकाचा. 2025 मध्ये सहावीपासूनचे वर्ग जूनऐवजी 7 एप्रिललाच सुरू झाले, म्हणजे एप्रिलमधलं शिबिर गेलं आणि उरला फक्त मे. त्याच वर्षी मान्सून मे महिन्यातच गोव्यात दाखल झाला. पूर्वी सहा आठवड्यांत कुठेही बसवता यायचं ते शिबिर आता दोन आठवड्यांच्या फटीत बसवावं लागतं, आणि स्वयंसेवक शिक्षकांना हक्काची म्हणून तेवढीच सुट्टी असते. तरीही येणारे येतात. गेल्या वर्षी चुलीपाशी उभी असलेली मुलगी आठ वर्षांपूर्वी बुलबुल (लहान मुलींच्या गटातली) म्हणून आली होती आणि पहिल्या रात्री घरी जायचं म्हणून रडली होती. आता ती नर्सिंग शिकते आणि प्रथमोपचाराची पेटी तीच भरते.

मुलांचे सोपान (प्रशिक्षणाच्या पायऱ्या), राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार यांच्या नोंदी व्यवस्थित आहेत. चर कुणी खणले, पेज कुणी ढवळली, रात्री पहारा कुणी दिला, याची नोंद कुठेच नव्हती. म्हणून त्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी नावं लिहायला घेतली आहेत. एकतीस झाली. मावशींचं पहिलं आहे. गुरुजी आता नव्वदीला टेकलेत, पण स्मरण चोख आहे. येत्या रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जायचं ठरलंय.