जुना सातबारा म्हणजे वंशावळ नव्हे

‘जुना सातबारा काढला की वंशावळ मिळते’ हा समज चुकीचा आहे. सातबारा सांगतो जमीन कोणाच्या नावे होती आणि तिच्यात काय पिकत होतं. बाप-लेकाचं नातं लिहिलेलं असतं फेरफारात, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदीत.

म्हणून सातबाऱ्यावर नावापाशी वर्तुळात असलेला आकडा आधी टिपा. तो फेरफार क्रमांक. तहसीलच्या अभिलेख कक्षात त्याची नक्कल मागा. वारसाच्या नोंदीत मयताचं नाव, बहुधा मृत्यूची तारीख आणि वारस नात्यासह मिळतात. त्यातला आधीचा क्रमांक धरून मागे जात राहा. काही फेरफार ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत.

घोटाळा होतो तो ‘ए.कु.क.’ या खुणेपाशी. एकत्र कुटुंब कर्ता म्हणून थोरल्या भावाचंच नाव लागायचं. धाकटे भाऊ नव्हतेच, असं धरू नका. लग्न झालेल्या मुलींची नावं तर कित्येकदा ‘इतर हक्क’ रकान्यात सापडतात. तो रकाना न वाचता आख्खी शाखा गमावणारे पुष्कळ आहेत.

साखळी मध्येच तुटली तर बहुतेकदा जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करणारी एकत्रीकरण योजना आडवी आलेली असते: 1947 च्या कायद्यानंतर गावोगावी सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. जुना नंबर भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या कागदांत मिळेल. त्याहून जुनी पानं बरीचशी मोडी लिपीत असतात. ती जाणकाराकडूनच वाचून घ्या, अंदाजाने नाव लावू नका.