आर्थिक विकास आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर

आर्थिक विकास आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर : गरीब देशातील उत्पन्न, शिक्षण आणि दळणवळण वाढत जाताना तेथून परदेशी जाणाऱ्यांच्या प्रमाणात होणारा बदल. गावात पोटापाण्याची सोय झाली की कोणी घर सोडणार नाही, अशी रूढ समजूत आहे. आकडे वेगळे सांगतात. अतिशय गरीब देशांतून परदेशी जाणारे थोडे असतात. देश सावरू लागला की ते वाढतात, मध्यम उत्पन्नाच्या टप्प्यावर सर्वाधिक होतात आणि देश बराच सधन झाल्यावर मग उतार लागतो. दरडोई उत्पन्न आडव्या अक्षावर आणि देशाबाहेर गेलेल्यांचे प्रमाण उभ्या अक्षावर मांडले, तर रेषा बैलाच्या शेपटीकडून पाठीवरून हळूहळू चढत वशिंडापर्यंत जाते आणि पुढे मानेकडे उतरते. अर्थशास्त्रात या आकाराला दिलेल्या नावाचा अर्थही ‘स्थलांतराचे वशिंड’ असाच आहे. बेंदराला बैल सजवणाऱ्या कोल्हापूरकराला तो समजावून सांगावा लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये सुमारे ३० कोटी ४० लाख लोक आपल्या देशाबाहेर राहत होते. जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. म्हणजे बाहेर पडणारे मुळात थोडेच. जगभर दरी एवढी असताना इतके कमी लोक का जातात, हाच खरे तर अधिक विचारण्याजोगा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना कोल्हापूर जिल्हा सोयीचा पडतो. येथून माणसे परदेशी जातात, आणि त्याच वेळी दुसरीकडची, अधिक गरीब मुलखातली माणसे येथे कामाला येतात.

तिकिटाचे पैसे

करवीर तालुक्यातले दोन एकर ऊस असलेले घर घेऊ. एकरी चाळीस टन ऊस पडला आणि टनाला ३,२०० रुपये मिळाले, तर वर्षाचे बिल २ लाख ५६ हजार. त्यातून विकास सोसायटीचे पीककर्ज कारखाना परस्पर वळते करतो. खत, लागण, भांगलण, पाणीपट्टी वेगळी. या घरातल्या मुलाला शिकायला जर्मनीला जायचे आहे. तेथील व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो झाली. तेव्हाच्या दराने रुपयांत हे अकरा-बारा लाख होतात. म्हणजे घरात चहासुद्धा न पिता साठवलेली साडेचार वर्षांची उसाची बिले. विमानाचे तिकीट, जर्मन भाषेच्या वर्गाची फी, कागदपत्रांचे साक्षांकन यांतले काहीच अजून धरलेले नाही.

कर्ज काढावे, तर साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. तेथे सातबारा घेऊन जाणाऱ्याला बहुधा परत पाठवले जाते. शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँकांना नको असते. फ्लॅट किंवा बिगरशेती प्लॉट असेल तर बोला, असे सांगतात. त्यामुळे त्या खुर्चीवर शेवटी टिकतो तो शिक्षकाचा, कारखान्यातल्या कायम कामगाराचा, दूध संघातल्या नोकरदाराचा किंवा उद्यमनगरात वर्कशॉप असलेल्याचा मुलगा. शेतमजुराचा मुलगा त्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. आखाती देशांची वाट स्वस्त आहे. परवानाधारक भरती एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर कर एवढेच घ्यावेत, असा नियम आहे. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट मोजणारे भेटतात आणि ती रक्कम पतसंस्था, बायकोचे डाग-दागिने किंवा मेहुण्याच्या हातउसन्यातून उभी राहते. मेहुणा असावा लागतो आणि त्याच्याकडे उसने द्यायला असावे लागतात, हा मुद्दा आकडेवारीत हरवतो.

अगदी गरीब माणूस जात नाही असे नाही. पण तो तिकिटाचे पैसे दुसरा देईल तेथेच जातो. दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगार कोल्हापूरच्या कारखान्यांकडे येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम त्यांना हंगामाआधी उचल देतो. उचल घेतली की कुठे जायचे, कोणाच्या टोळीत, किती महिने, हे ठरून गेले. ती फिटेपर्यंत सुटका नाही आणि बरेचदा एका हंगामात फिटतही नाही. समुद्रापलीकडे हीच रीत गिरमिटाच्या नावाने चालली. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या करारबद्ध मजुरांत मराठी माणसे होती, त्यांचे वंशज तेथे आजही गणपती बसवतात. जहाजाचे भाडे मळेवाल्याने भरले होते, म्हणूनच ती माणसे एवढ्या लांब गेली. सैन्याचेही तसेच. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावांनी पिढ्यानपिढ्या सैनिक दिले. ते स्थलांतर म्हणता येणार नाही, पण बोटीचे भाडे सरकारने भरल्यावर जग पाहता येते हे त्या गावांना फार आधी कळले होते.

विचाराचा प्रवास

भूगोलज्ञ रॅव्हेन्स्टाइन यांनी १८८५ मध्ये स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक लोक जवळच जातात, हा त्यांतला सर्वांत टिकाऊ नियम. १९७० मध्ये हॅरिस आणि तोडारो या अर्थतज्ज्ञांनी खेड्यातून शहराकडे जाणाऱ्यांचा हिशेब मांडला. हातात पडेल अशी वाटणारी मजुरी जिथे जास्त, तिकडे माणूस जातो. हे तर्कशास्त्र देशांना लावले की मजुरीतली दरी बुजेल तसे स्थलांतर घटेल, असा निष्कर्ष आपोआप निघतो आणि राजकारण्यांना तो आवडतोही. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, भूगोलज्ञ विल्बर झेलिन्स्की यांनी उलट दिशेने विचार केला. त्यांच्या मते समाज आधुनिक होऊ लागतो तेव्हा माणसांची हालचाल आधी वाढते. १९९० च्या दशकात अर्थतज्ज्ञ फिलिप मार्टिन यांनी मेक्सिकोच्या संदर्भात वशिंडाची कल्पना पुढे आणली आणि अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स यांनी २०१४ मध्ये अनेक देशांचे आकडे एकत्र मांडून तिला बळ दिले. क्रयशक्तीनुसार, म्हणजे देशोदेशीच्या किमतींतला फरक जमेस धरून, मोजलेले दरडोई उत्पन्न सात-आठ हजार डॉलरपर्यंत जाईतो परदेशगमन वाढते, असे त्यांना दिसले. नंतरच्या मांडणीत उतार सुरू होण्याची जागा १० हजारांच्या आसपास धरली गेली. भारत आज त्याच परिसरात आहे.

मेक्सिकोचे उदाहरण या विषयात पुन्हा पुन्हा येते. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला. माल सीमा ओलांडेल, मग माणसांना ओलांडावी लागणार नाही, असे तेव्हा सांगितले जात होते. झाले असे, की स्वस्त अमेरिकी मका आल्यावर मक्याचे छोटे शेतकरी अडचणीत आले, आणि त्या दशकात उत्तरेकडे जाणारा लोंढा वाढला. तो ओसरला २००७ नंतर. अमेरिकेतली मंदी, कडक झालेली सीमा, मेक्सिकोतला घटलेला जननदर आणि सुधारलेली मिळकत ही सगळी कारणे त्यामागे आहेत. एकट्या कराराला ना आधीचा दोष देता येतो, ना नंतरचे श्रेय. त्याच मेक्सिकोत गरीब कुटुंबांना सरकारने रोख मदत दिली, तेव्हा काही घरांतून अमेरिकेला जाणारे वाढल्याचे अभ्यासात आढळले. पैसा घरी राहण्यासाठी दिला होता, त्याचे तिकीट झाले.

वाढ कशाने होते

पैसा हे एक कारण झाले. विकासाच्या पहिल्या टप्प्यात बालमृत्यू घटतात आणि वीस वर्षांनी कामाला लायक तरुणांची मोठी पिढी उभी राहते. शेती ट्रॅक्टरवर जाते, हात रिकामे होतात. शाळा वाढतात आणि शाळेत गेलेल्याला बांधावर परत यावेसे वाटत नाही. आधी गेलेला एकजण मागच्या चौघांना खोली, काम आणि धीर देतो. अर्थतज्ज्ञ ओडेड स्टार्क यांनी आणखी एक बारीक गोष्ट दाखवली : माणूस स्वतःच्या गरिबीपेक्षा शेजाऱ्याच्या तुलनेतल्या गरिबीने अधिक हलतो. महाराष्ट्रात याला वेगळी संज्ञा शोधायची गरज नाही, भाऊबंदकी हा शब्द पुरतो. चुलत्याच्या घरावर दुसरा स्लॅब पडला आणि दारात पांढरी मोटार उभी राहिली, की कालपर्यंत पुरेसे वाटणारे आपले कौलारू घर एकाएकी मोडके दिसू लागते. उत्पन्न मात्र तेवढेच असते.

कोल्हापूरचा चढ

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना चालना दिली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल उचलले, आणि राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. पाणी आले, ऊस आला, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आणि १९६३ मध्ये गोकुळ दूध संघ आला, १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आले. हे सगळे लोकांना येथेच सुखाने राहता यावे म्हणून झाले, आणि बव्हंशी झालेही. पण जाण्याची ऐपतही त्यातूनच आली.

जेथे हे पाणी उशिरा पोहोचले त्या आजरा, चंदगड, भुदरगडच्या डोंगरी भागातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. एका खोलीत गावचे वीस-पंचवीसजण पाळीपाळीने झोपत आणि मनीऑर्डरी गावाकडे येत. १९८२ च्या संपाने तो रस्ता बंद केला. तोवर मनीऑर्डरीतून मुले शिकली होती. ती पुण्याच्या कारखान्यांत आणि नंतर संगणकाच्या कचेऱ्यांत गेली, आणि त्यांची मुले आता व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करतात. एका घरात आजोबा मुंबई, बाप पुणे, नातू परदेश असा क्रम सहज सापडतो. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीच्या कमाईतून पुढचे तिकीट काढले. घाटाखालच्या रत्नागिरीचा क्रम निराळा. तेथे खलाशांची जुनी परंपरा होती, त्यामुळे १९७३ च्या तेलदरवाढीनंतर आखाताची दारे उघडली तेव्हा कोकणी माणूस पुण्याचा टप्पा वगळून थेट बोटीने किंवा विमानाने गेला.

इकडे इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि शिरोलीच्या फाउंड्रींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार उभे आहेत. भट्टीपुढे उभे राहायला स्थानिक पोरे मिळत नाहीत, ही कारखानदारांची नेहमीची तक्रार. पोरे मिळत नाहीत कारण ती शिकली. यात तक्रार करण्यासारखे काय आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

पाठवलेला पैसा आणि गेलेली माणसे

परदेशस्थ भारतीयांनी घरी पाठवलेली रक्कम २०२२ मध्ये १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. हा टप्पा गाठणारा भारत पहिला देश. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये त्यातला २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राचा आणि १९.७ टक्के केरळचा होता. यातला मोठा भाग मुंबई-पुण्याचा असणार हे उघड आहे. गावात हा पैसा आधी कर्जफेडीला जातो, मग घराला, मग शिक्षणाला, आणि अशा रीतीने पुढच्या जाणाऱ्याची सोय लावतो. शिकलेली माणसे गेल्याने देशाचे नुकसान होते म्हणून अशा स्थलांतरितांवर कर बसवावा, अशी सूचना अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात केली होती. ती कोणी अमलात आणली नाही. उलट आता राज्येच करार करतात. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला.

धोरण आणि आक्षेप

युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१५ मध्ये माल्टातल्या व्हॅलेटा येथील परिषदेत आफ्रिकेसाठी खास निधी उभारला. स्थलांतराच्या ‘मूळ कारणां’वर घाव घालणे हा त्याचा जाहीर हेतू होता. विहीर, रस्ता, शाळा यांसाठी पैसा देणे चांगलेच. पण त्यामुळे स्थलांतरितांना घेऊन युरोपकडे येणाऱ्या बोटी थांबतील ही अपेक्षा वशिंडाचा चढ न पाहता केलेली आहे. मात्र वशिंडावरही आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. एकाच वर्षी गरीब आणि मध्यम देश शेजारी ठेवले की चढ दिसतो. जर्मनीतल्या कील येथील संशोधकांनी २०२० मध्ये एकेका देशाचा वर्षानुवर्षे माग काढला, तेव्हा उत्पन्न वाढलेल्या वर्षांनंतर श्रीमंत देशांकडे जाणारे घटल्याचे त्यांना दिसले. दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात. ऊस चांगला गेलेल्या वर्षी मुलगा जायचे लांबणीवर टाकतो. त्याच उसावर शिकलेली पिढी वीस वर्षांनी जाते.

उतरणीचे ठळक उदाहरण दक्षिण कोरिया. १९६३ ते १९७७ या काळात तेथून खाणकामगार आणि परिचारिका पश्चिम जर्मनीला गेल्या, १९७० च्या दशकात बांधकाम कामगार आखातात गेले. १९८० चे दशक सरता सरता ओघ उलटला आणि २००४ पासून कोरिया परवाना पद्धतीने परदेशी कामगार घेतो. त्यांत नेपाळी बरेच आहेत. नेपाळमध्ये कुठे जायचे हे खिसा ठरवतो. १९५० च्या करारामुळे भारतात यायला व्हिसा लागत नाही, बसचे भाडे पुरते; म्हणून सर्वांत गरीब नेपाळी भारतात येतो. थोडे कर्ज मिळणारा कतार किंवा मलेशियाला जातो, कोरियन भाषेची परीक्षा देण्याइतकी सवड असलेला कोरियाला, आणि जमीन विकू शकणाऱ्याचा मुलगा ऑस्ट्रेलियाला. कोल्हापुरात अपार्टमेंटच्या दारावर रात्री शिट्टी वाजवत फिरणारा नेपाळी या शिडीच्या खालच्या पायरीवर आहे. त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा गोठवलेल्या खात्यासाठी बिगरशेती प्लॉटची कागदपत्रे गोळा करतो आहे.