अल्झायमरची ब्लड टेस्ट: कोणी करावी, कोणी नाही

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय की रक्त तपासून अल्झायमर वीस वर्षं आधीच कळतो, आणि तो वाचल्यापासून रामबागेतल्या आमच्या आत्याने धोशा लावलाय की मला पण ती टेस्ट करायचीय, कारण परवा सराफ्यात जुनी शेजारीण भेटली तर तिचं नावच आठवेना (घरी आल्यावर आठवलं, ते सोडा). मेसेज अगदीच खोटा नाहीये, अर्धवट आहे.

1906 मधे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी हा आजार पहिल्यांदा मांडला तो पेशंट वारल्यावर तिचा मेंदू मायक्रोस्कोपखाली बघून, आणि पुढे कित्येक दशकं पक्कं निदान असंच, माणूस गेल्यावर. तिथे दिसतात दोन प्रोटीनं. बीटा-अमायलॉइड पेशींच्या बाहेर साठतं, टाऊ पेशींच्या आत गुंता करतं. हे साठणं विसरायला लागायच्या 15-20 वर्षं आधीच सुरू होतं, मेसेजमधली वीस वर्षं ती हीच.

मग जिवंतपणी ते पकडायचं कसं? एक रस्ता पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूत साठलेलं अमायलॉइड चित्रात दाखवणारा, महागडा. दुसरा म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं, आणि त्यात एक मजा आहे. अल्झायमरमधे या पाण्यातलं अमायलॉइड-42 (बीटा-अमायलॉइडचाच एक प्रकार) वाढत नाही, उलट कमी होतं! म्हणजे बघा, नळाला नर्मदेचं पाणी बारीक यायला लागलं की आपण ओळखतो ना की मधे कुठेतरी अडतंय, तसंच, ते चिकट प्रोटीन मेंदूतच अडकून बसतं म्हणून खाली कमी पोचतं. टाऊ मात्र वाढतो.

रक्तात हे सगळं शोधणं महाकठीण, कारण अमायलॉइड शरीरात इतर ठिकाणीही बनतं त्यामुळे फरक अगदी थोडा दिसतो. खरी कमाल केली पी-टाऊ217 ने, म्हणजे ज्या टाऊवर 217 नंबरच्या जागी फॉस्फेट चिकटलंय तो. एक मिलिलिटर प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या पाण्यात) तो साधारण एक पिकोग्रॅम, बरेचदा त्याहूनही कमी असतो, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! मे 2025 मधे अमेरिकेच्या एफडीएने (औषधं नि टेस्टना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) रक्तातल्या पी-टाऊ217 आणि अमायलॉइड-42 यांचं एकमेकांशी प्रमाण मोजणाऱ्या ल्युमिपल्स टेस्टला मंजुरी दिली. 499 जणांच्या नमुन्यांत पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी 91.7 टक्के लोकांत पेट स्कॅन किंवा मणक्याच्या पाण्याच्या तपासणीनेही मेंदूत अमायलॉइड असल्याचंच दाखवलं, निगेटिव्हमधे 97.3 टक्के जुळले, आणि वीस टक्क्यांच्या आत लोकांचा रिपोर्ट धड इकडे ना तिकडे असा आला.

पण ही मंजुरी 55 च्या पुढच्या, विसरण्याची लक्षणं असलेल्या आणि स्पेशालिस्टकडे तपासणी चालू असलेल्या पेशंटसाठी आहे, हेच मेसेजमधे गाळलंय. ठणठणीत माणसाने हौस म्हणून करायची ही टेस्ट नव्हे, कारण मेंदूत अमायलॉइड असूनही बरेच म्हातारे शेवटपर्यंत शहाणे राहतात, आणि किडनी बिघडलेली असेल तर पी-टाऊ217 तसाही वाढलेला दिसू शकतो. आत्याला मी म्हटलं आधी बी-12 आणि थायरॉइड कर बाई, शाकाहारी घरांत बी-12 कमी निघणं नेहमीचंच, त्यानेही विसरायला होतं आणि त्याला इलाज आहे. डिप्रेशन नि झोपेच्या गोळ्यांचंही तेच.

लवकर कळून उपयोग काय, तर लेकॅनेमॅब (2023) आणि डोनानेमॅब (2024) ही एफडीएने मंजूर केलेली औषधं अमायलॉइड काढून टाकतात पण आजाराचा वेग फक्त थोडा कमी करतात, तेही सुरुवातीच्या टप्प्यातच, आणि मेंदूला सूज येणं किंवा रक्तस्राव होणं हा धोका असल्याने अधूनमधून एमआरआय करत राहावा लागतो.